पाठमोऱ्या मुली

कल्याणात कोणी नवा कॅमेरा आणला, की येसूताई वैद्य त्याला आधी तो उचलायला लावत. "पारनाक्यापासून तळ्यापर्यंत घेऊन चाला, मग बोलू," असं म्हणत, आणि खरोखरच चालायला लावत. फोटोची हौस असलेले गृहस्थ गावात तेव्हा चार-पाचच होते, पण त्यातला प्रत्येक जण कधी ना कधी त्या रस्त्याने घाम पुसत गेलेला मी पाहिला आहे.

सगळ्यांत गाजलं ते भाऊसाहेब वकिलांचं चालणं. भाऊसाहेब आमच्या मुलींच्या शाळेच्या कमिटीचे अध्यक्ष. त्यांनी मुंबईहून सागवानी पेटीचा, पितळी नळीचा असा दांडगा कॅमेरा आणला होता, की स्टेशनवरून घरी आणायलाच दोन हमाल लागले. येसूताईंनी तो पाहिला, नळीवर हात फिरवला आणि चालायला सांगितलं. भाऊसाहेब अर्ध्या वाटेत एका ओट्यावर बसले. मागून येसूताई शांतपणे आल्या आणि म्हणाल्या, "भाऊसाहेब, कॅमेरा उत्तम आहे. पण तुम्ही त्याने तुमच्या दिवाणखान्याचेच फोटो काढाल."

पंधरा दिवसांत त्यांनी तो बदलून निम्म्या मापाचा, हलका कॅमेरा आणला. तो निवडायला येसूताईंनी त्यांना तीनच गोष्टी बघायला सांगितल्या होत्या. घडीच्या कातड्यातून उजेड आत शिरत नाही ना, तीन पायांची घोडी वाऱ्यात हलत नाही ना, आणि फोटो जिच्यावर उमटतो ती काच बसवायची चौकट सहज सरकते ना. भिंग साधं असलं तरी चालेल. "भिंग महाग घेतलं म्हणून दृष्टी येत नाही," असं त्या म्हणत. भाऊसाहेब कोर्टात कोणाचं ऐकत नसत. पण त्या दिवसापासून येसूताईंचं ऐकू लागले. एक प्रसंग सोडून. तो पुढे येईलच.

मी तेव्हा बावीस वर्षांची होते आणि त्या शाळेत दुय्यम शिक्षिका होते. येसूताई मुख्य. पुण्याला शिकून आलेल्या, ठेंगण्या, बोलणं हळू पण शेवटच्या बाकापर्यंत पोचणारं. त्यांच्या उजव्या हाताची बोटं कायम काळपट असत. फोटोच्या कागदाला चांदीचं पाणी लावावं लागे, त्याचे ते डाग. हळदीकुंकवाला गेल्या की बायका त्या बोटांकडे बघून जरा अंग चोरत. येसूताई मुद्दाम तोच हात पुढे करून वाटली डाळ घेत.

कॅमेरा मुळात त्यांचा नव्हताच. त्यांचे यजमान अप्पा टपाल कचेरीत कारकून. मोजणी खात्यातला एक साहेब विलायतेला परत जाताना त्याचं सामान विकलं गेलं, त्यात अप्पांनी हौसेने तो घेतला. सहा महिने त्यांनी खटपट केली. प्रत्येक काचेवर धुकं. शेवटी येसूताईंनी पेटीबरोबर आलेलं इंग्रजी पुस्तक कोश घेऊन वाचायला घेतलं, कोठीच्या खोलीत कंदिलाला लाल फडकं बांधलं, आणि तिसऱ्याच काचेवर दारातला तुळशीचा कट्टा उमटला, पानं मोजता यावीत इतका स्पष्ट. अप्पांनी ती काच उजेडात धरून बराच वेळ पाहिली. मग कॅमेरा बायकोच्या हातात दिला आणि घोडी स्वतःच्या खांद्यावर घेतली, ती कायमची. पुढे गावातून येसूताई पुढे आणि अप्पा घोडी घेऊन मागे, अशी ती जोडी निघाली की लोक हसत. अप्पाही त्यांच्याबरोबर हसत आणि चालू लागत.

फोटो सुधारण्याच्या बाबतीत मात्र येसूताई फार कडक होत्या. कॅमेऱ्यातून निघते ती काच उलटी असते. उजेड काळा आणि अंधार पांढरा. तिच्याखाली कागद ठेवून उन्हात धरलं की खरं चित्र उमटतं. या उलट्या काचेवर बारीक पेन्सिल चालवली, की कागदावर तिथे उजळतं. मुंबईचे फोटोवाले त्या पेन्सिलीने सुरकुत्या घालवत, देवीचे वण बुजवत. येसूताईंनाही ते उत्तम येत होतं. भाऊसाहेबांनी आपल्या आईचा फोटो काढवून घेतला तेव्हा सुरकुत्या काढा म्हणून हट्ट धरला. येसूताईंनी दोन फोटो केले, एक होता तसा, दुसरा सुरकुत्या काढलेला, आणि दोन्ही म्हातारीपुढे ठेवले. म्हातारीने दुसरा फोटो डोळ्यांजवळ नेला, लांब धरला आणि बाजूला ठेवला. "ह्या कोण? ह्यांना मी ओळखत नाही," म्हणाली. पहिला तिने देव्हाऱ्याच्या वरच्या कोनाड्यात ठेवायला लावला.

तेव्हापासून येसूताईंचा नियम ठरला, तो त्या आम्हा सगळ्यांना ऐकवत. काचेवरची धूळ काढायची, माणसाची नाही. जे आलं आहे ते नीट दिसेल असं करायचं. जे आलं नाही ते आणायचं नाही.

म्हणजे त्या फोटो सुधारत नसत असं नाही. डोंबिवलीच्या खाडीवर जोमा नावाचा एक आगरी होता, मिठागरात काम करणारा. भाऊसाहेबांची तिकडे जमीन होती, म्हणून ओळख. त्याचा फोटो काढायचं ठरलं, तर तो मिठाच्या राशीपुढून बाजूलाच झाला. म्हणाला, "बाय, माजा तोंड नको. माजा मीठ नीट दिसला पायजे." येसूताईंनी त्याला राशीच्या कडेला उभं केलं आणि दोघांचा फोटो काढला. पण भर उन्हात पांढरं मीठ. कागदावर नुसता कोरा डाग उमटला. जोमा बिचारा त्या कोऱ्या जागेवर बोट ठेवून बघत राहिला. येसूताई म्हणाल्या, मीठ काचेत आहे, फक्त बाहेर यायचं आहे. त्यांनी पुठ्ठ्याला राशीच्या आकाराचं भोक पाडलं आणि बाकीचं चित्र झाकून तेवढ्याच भागावर आणखी ऊन पडू दिलं. पुठ्ठा सारखा हलता ठेवला, म्हणजे कड उमटत नाही. हळूहळू राशीवर खडे दिसायला लागले, फावड्याचे ओरखडे दिसायला लागले, आणि जोमाचा चेहरा उजळला. जाताना त्याने विचारलं, हे सगळं त्यांना वाचून कळतं का. हो म्हटल्यावर विचारात पडला. पुढच्या महिन्यात त्याने आपली मुलगी चांगुणा आमच्या शाळेत घातली. तिची मावशी कल्याणात राहत होती, तिच्याकडे ती राहिली. आगऱ्याची मुलगी शेजारी बसली म्हणून दोन आयांनी कुरकुर केली. येसूताईंनी चांगुणाला स्वतःच्या टेबलाशेजारी बसवलं, आणि आठ दिवसांत तीच जागा सगळ्या मुलींना हवीशी झाली.

आणि मग ते शाळा बंद करण्याचं प्रकरण आलं.

शिक्षण खात्याचे डेप्युटी शाळा तपासायला आले ते नेमके चैत्रातल्या हळदीकुंकवाच्या दिवशी, न कळवता. पटावर एकेचाळीस मुली आणि वर्गात नऊ, बाकीच्या आयांबरोबर हळदीकुंकवाला गेलेल्या. त्यांनी काही ऐकून घेतलं नाही, वहीत टिपलं आणि निघून गेले. महिन्याभरात कागद आला. पटावरच्या मुली खऱ्या आहेत असं दिसत नाही, सबब शाळा का बंद करू नये, याचा खुलासा कमिटीने ठाण्याच्या कचेरीत येऊन करावा. खुलाशाला दहा दिवस होते. भाऊसाहेब दहा पानांचा अर्ज लिहायला बसले. येसूताईंनी तो वाचला आणि म्हणाल्या, पटावरच्या मुलींवर त्यांचा विश्वास नाही, मग आणखी एका कागदावर कसा बसेल? आपण मुलीच दाखवू.

सगळ्या मुलींना ठाण्याला नेणं शक्य नव्हतं. फोटो मात्र नेता आला असता. आम्ही दोघी घरोघर फिरलो, आणि पहिल्याच दिवशी कळलं की हे होणार नाही. फोटोने आयुष्य कमी होतं असं म्हणणारे थोडे होते. बाकीच्यांची भीती वेगळी होती आणि मला ती खोटी वाटली नाही. कचेरीत दहा परके पुरुष आपल्या मुलींचे चेहरे हातात घेऊन बघणार. उद्या तो कागद कुठे जाईल, कोणाला ठाऊक. संध्याकाळपर्यंत एकेचाळीसांतल्या अकरा घरांनी होकार दिला होता. शेवटच्या घरी मुलीची आई जरा रागानेच म्हणाली, "तोंड सोडून काय काढायचं ते काढा."

आम्ही उतरून रस्त्यावर आलो. मी रडकुंडीला आले होते. येसूताई चालता चालता थांबल्या. "मथूबाई," त्या मला म्हणाल्या, "त्या काय म्हणाल्या ते ऐकलंत ना?"

दुसऱ्या दिवशी आम्ही तीच घरं पुन्हा घेतली. मुली पाठमोऱ्या उभ्या राहतील. चेहरा कोणाचाही दिसणार नाही. प्रत्येकीने आपल्या हाताने पाटीवर आपलं नाव लिहायचं आणि ती पाटी डोक्यावर, मागच्या बाजूला तोंड करून धरायची. याला नाही म्हणायला कोणाजवळ काही उरलं नाही. रागावलेल्या त्या आईने तर मुलीच्या वेणीत अबोलीचा गजरा घालून पाठवलं. चेहरा नाही तर निदान वेणी तरी चांगली दिसू दे, असं तिचं म्हणणं.

येसूताईंजवळ कोऱ्या काचा तीनच उरल्या होत्या, आणि खुलाशाला आता दोनच दिवस होते, मुंबईहून नव्या यायला वेळ नव्हता. शाळेच्या अंगणात चार ओळी केल्या. पुढच्या मुली खाली बसलेल्या, मागच्या बाकांवर चढलेल्या, सगळ्यांची तोंडं शाळेच्या दाराकडे. येसूताई काळ्या कापडाखाली शिरल्या, बाहेर आल्या, नळीवरचं झाकण काढलं आणि मोजू लागल्या. दोन म्हणायच्या आत सहा मुलींनी वळून पाहिलं. पाठीमागे काय चाललंय हे न बघता कोण उभं राहील? पहिली काच गेली. दुसऱ्या वेळी कोणी वळलं नाही, पण पाट्या जड, तयारीत वेळ गेला, आणि नेमक्या वेळी लहान मुलींचे हात खाली आले. दुसरीही गेली.

येसूताई रागावल्या नाहीत. त्यांनी सगळ्यांना पाट्या खाली ठेवून हात मोकळे करायला सांगितलं, पाणी पाजलं, आणि अप्पांना शाळेच्या दारात, मुलींच्या समोर, एका पायावर उभं राहायला सांगितलं. अप्पा पन्नाशीचे, डोक्यावर पगडी. त्यांनी एकदा बायकोकडे पाहिलं आणि पाय उचलला. "अप्पा पडतात का ते बघा," येसूताई म्हणाल्या. "मी पाट्या म्हटलं की पाट्या वर. पण नजर अप्पांवर."

एकेचाळीस मुली श्वास रोखून अप्पांकडे बघत राहिल्या. येसूताईंनी "पाट्या" म्हटलं, झाकण काढलं, चार मोजले, झाकण लावलं. अप्पा डुलत होते, पण पडले नाहीत. मुली मात्र पाषाणासारख्या उभ्या होत्या.

काच धुऊन निघाली तेव्हा कोठीच्या खोलीतून येसूताई तीनच शब्द बोलल्या, "सगळ्या आहेत, मथूबाई."

सगळ्या होत्या. फक्त डावीकडच्या सात-आठ मुलींवर चिंचेची सावली पडली होती आणि कागदावर त्यांच्या पाट्या अंधारात गेल्या होत्या. येसूताईंनी काचेच्या त्या भागावर पातळ कागदाचा तुकडा डकवला, कडा फाडून मऊ केलेला, म्हणजे तिथे ऊन कमी लागेल. दुसऱ्या कागदावर ती नावं वर आली. यमुना, काशी, भागीरथी. दाराच्या काळोखात एका पायावरचे अप्पाही आले होते, धूसर.

भाऊसाहेब फोटो बघून हरखून गेले. मग त्यांचं बोट तिसऱ्या ओळीत थांबलं. चांगुणाच्या पाटीवर तिने आपलं नाव 'चांगुना' असं लिहिलं होतं. ती तसंच बोलायची. भाऊसाहेबांचा चेहरा उतरला. शाळेत शुद्ध लिहायलाही शिकवत नाहीत, असं म्हणायला डेप्युटींना आयतं सापडेल, हे त्यांचं म्हणणं, आणि खरं सांगायचं तर मलाही ते पटलं. न चा ण करायला पेन्सिलीचे दोन फटकारे पुरे होते. कोणाला कळलंही नसतं. अप्पांना पुसून टाकावं असंही त्यांनी सुचवलं.

येसूताईंनी सांगितलं की अप्पा तिथे होते, म्हणून फोटोतही राहतील. आणि चांगुणाच्या नावाला त्या हात लावणार नाहीत. भाऊसाहेबांचा आवाज चढला. त्यांनी आठवण करून दिली की हा प्रश्न एका अक्षराचा नाही, शाळेचा आहे.

"शाळेचाच आहे," येसूताई म्हणाल्या. "ते अक्षर मी लिहिलं, तर तिथे चाळीसच मुली उरतात. आणि मग बाकीच्या चाळीस तरी खऱ्या कशावरून?"

भाऊसाहेब निघून गेले. रात्रभर मला वाटत होतं की उद्या ते ठाण्याला येणारच नाहीत. सकाळी ते आमच्याआधी स्टेशनवर हजर होते, पण बोलत नव्हते. निघताना येसूताईंनी मला मुलींच्या कित्त्याच्या वह्या बरोबर घ्यायला सांगितल्या. एकेचाळीस वह्यांचं गाठोडं मी मांडीवर घेऊन बसले.

कचेरी ठाण्याच्या तळ्यापासून जवळच होती. डेप्युटींनी भाऊसाहेबांना खुर्ची दिली, आम्हा दोघींना एक बाक दाखवला. अर्ज बाजूला सारला. मग फोटो हातात घेतला. मुली पाठमोऱ्या का, हे त्यांनी विचारलं. येसूताईंनी उभं राहून कारण सांगितलं. त्यावर ते म्हणाले की पाठमोऱ्या मुली कोणीही गोळा करील आणि पाट्याही एकच माणूस लिहून देऊ शकेल. भाऊसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. येसूताईंनी मात्र मला खूण केली आणि मी गाठोडं टेबलावर ठेवलं.

डेप्युटींनी खणातून भिंग काढलं. एक पाटी बघायची, तिची वही मागायची, अक्षर ताडून पाहायचं, असं त्यांनी सुरू केलं. काशीचा श तिच्याच वहीतला होता. यमुनेची वाकडी रेघ वहीतही वाकडी होती. अशा दहा-बारा झाल्या आणि त्यांचं भिंग तिसऱ्या ओळीवर आलं. थांबलं. "ही वही द्या," ते म्हणाले.

चांगुणाच्या वहीत पहिल्या पानावर 'चांगुना' होतं. त्यावर येसूताईंनी लाल शाईने ण केला होता. दुसऱ्या पानावर पुन्हा 'चांगुना', पुन्हा लाल शाई. तिसऱ्या पानावर तेच. डेप्युटी पानं उलटत गेले आणि सातव्या पानाला त्यांच्या मिशीखाली हसू आलं.

"बाई, तुम्ही हिला किती वेळा सांगितलंत?"

"रोज सांगते," येसूताई म्हणाल्या. "येईल तिला."

डेप्युटींनी भिंग खाली ठेवलं. हे अक्षर कोणत्याही मास्तराने लिहिलेलं नाही, ही मुलगी खरी आहे, आणि ही खरी असेल तर उरलेल्या चाळीस मोजत बसायची मला गरज नाही, असं ते भाऊसाहेबांना म्हणाले. मग त्यांनी आम्हाला बाकावरून उठवून खुर्च्या मागवल्या. आपण ज्या दिवशी आलो तो दिवस चुकीचा होता, हे त्यांनी स्वतःच्या हाताने कागदावर लिहिलं आणि शाळा चालू ठेवण्याची, शिवाय आणखी एक शिक्षिका नेमण्याची शिफारस केली. निघताना त्यांनी दारातल्या त्या धूसर आकृतीवर बोट ठेवून विचारलं, हे कोण. येसूताई पहिल्यांदाच लाजलेल्या मी पाहिल्या. "आमचे हे," म्हणाल्या.

कचेरीबाहेर आल्यावर भाऊसाहेबांनी डोक्यावरची पगडी काढली, येसूताईंना वाकून नमस्कार केला आणि पगडी परत घातली. रस्त्यातले लोक बघत होते. गाडीत ते कल्याणपर्यंत सारखे बोलत होते.

दुसऱ्या दिवशी मी हजेरी घेतली. एकेचाळीसपैकी एकही गैरहजर नव्हती. दुपारी जोमा खाडीकडून बैलगाडी घेऊन आला. पोरीच्या नावामुळे शाळा वाचली हे त्याच्या कानावर गेलं होतं. नाव चुकलं होतं हे कोणी त्याला सांगितलं नाही. त्याने प्रत्येक मुलीच्या घरी एक पायली मीठ पोचवलं, त्या दोन कुरकुरणाऱ्या आयांच्या घरीसुद्धा. दोघींनीही ते भरून घेतलं. दिवाळीपर्यंत पटावर छप्पन्न मुली झाल्या.

येसूताई आणखी काही वर्षं आमच्यात होत्या. मग ठाण्याला मुलींची मोठी शाळा निघाली आणि ती चालवायला त्यांनाच बोलावणं आलं. काचांच्या पेट्या हमालांच्या हाती द्यायला त्या तयार नव्हत्या, म्हणून सामानासकट खाडीतून होडीने जायचं ठरलं. किल्ल्याखालच्या बंदरावर सगळी शाळा जमली होती. भाऊसाहेब होते, मुलींच्या आया होत्या, आणि मुली इतक्या की धक्क्यावर उभं राहायला जागा नव्हती. भरती आली होती. अप्पा पेट्यांच्या मधोमध घोडी मांडीवर घेऊन बसले होते. होडी सुटली, मुलींनी हात हलवायला सुरुवात केली, आणि येसूताई तशा डुलत्या होडीत एकदम उभ्या राहिल्या. भाऊसाहेबांनी निरोपाला दिलेला नवा कॅमेरा त्यांच्या हातात होता, पोळपाटाएवढा, घोडीशिवाय चालणारा.

नावाडी ओरडला, "बाय, खाली बस, होरी कलंडंल."

अप्पांनी दोन्ही हातांनी होडीची कड घट्ट धरली. येसूताईंनी पदर खोचला, पाय फाकून तोल सांभाळला, कॅमेरा पोटाशी धरून आम्हा सगळ्यांकडे नीट पाहिलं आणि खटका दाबला. मग त्या खाली बसल्या.